दर उन्हाळ्यात टँकमधे परत येणारी काळी दाढी: लाइटला शिव्या घातल्या, घोळ बोअरच्या पाण्याचा निघाला

सलग तीन वर्षं हा त्रास काढलाय. फेब्रुवारी संपत आला की माशांच्या टँकमधे काळं शेवाळ, म्हणजे ज्याला सगळे बीबीए किंवा ब्लॅक बिअर्ड अल्गी, काळी दाढी, म्हणतात ते, हजर. ऑगस्टपर्यंत मुक्काम, मग हळूहळू गायब आणि पुढच्या फेब्रुवारीत परत पहिले पाढे पंचावन्न. आता दीड वर्ष झालं, मधला एक छोटा अपवाद सोडला तर टँक स्वच्छ आहे, म्हणून काय काय केलं, काय चुकलं आणि शेवटी काय लागू पडलं ते सगळं एकदाच लिहून काढतोय. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

टँक आधी सांगतो. चार बाय दीड बाय दीड फूट, दगड आणि वाळू वजा जाता पाणी साधारण दोनशे लिटर. पुण्यात, तिसरा मजला, हॉलमधे. झाडांना देतात तो सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर वगैरे काही नाही, झाडं म्हणजे दगडाला बांधलेली अनुबियास आणि जावा फर्न, कोपऱ्यात थोडी व्हॅलिस्नेरिया. मासे सात डेनिसन बार्ब आणि सहा झेब्रा लोच. गप्पी, एंजल, फ्लॉवरहॉर्न सगळं करून झालं होतं, मग डोक्यात बसलं की आपल्या सह्याद्रीतलेच मासे ठेवायचे आणि त्यांना नदीसारखं वाहतं पाणी द्यायचं.

डेनिसन म्हणजे दुकानात ज्याला मिस केरळ म्हणतात तो, नाकापासून डोळ्यावरून जाणारी लाल रेघ, खाली काळी रेघ, शेपटीवर पिवळा-काळा पट्टा. फ्रान्सिस डेने १८६५ मधे केरळातल्या मुंडकायमकडच्या माशांवरून त्याची नोंद केली आणि २०१३ मधे त्याला नवीन जीनस (शास्त्रीय नावातला पहिला भाग) मिळालं, त्याचं नाव काय तर सह्याद्रिया! मला तर हे वाचून उगाचच अभिमान वाटला होता. झेब्रा लोच म्हणजे बोटिया स्ट्रायटा, अंगभर बारीक बारीक आडव्या-तिरक्या पट्ट्यांचा, बोटाएवढा मासा, कृष्णेच्या खोऱ्यातला, म्हणजे आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या नद्यांमधेही सापडतो. दोन्ही मासे आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत एन्डेंजर्ड, म्हणजे धोक्यात आलेले आहेत, त्यामुळे घेताना ब्रीड केलेले आहेत का ते विचारा आणि ओढ्यातून जाळी लावून आणायचा उद्योग तर अजिबात करू नका. आंबोलीच्या हिरण्यकेशीत २०२० मधे नवीन लोच सापडला आणि २०२१ मधे ती जागाच जैवविविधता वारसा स्थळ झाली, तिकडे फिरायला गेलात तर फोटो काढा आणि परत या.

हे सगळं सांगायचं कारण असं की या माशांमुळेच अल्गीचे अर्धे उपाय बाद होतात. लोचना खवले अगदी बारीक, औषधं त्यांना पटकन बाधतात, तांबं असलेलं कुठलंही अल्गीसाइड (शेवाळ मारायचं औषध) तर नकोच. डेनिसनला भरपूर ऑक्सिजन आणि जरा थंड पाणी लागतं. म्हणजे बाटली ओतली आणि विषय संपला असं इथे चालत नाही.

आता शेवाळ कोणतं ते आधी ओळखा कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा. नवीन टँकमधे तपकिरी धूळ बसली असेल तर ते डायटम, बोटाने पुसलं की जातं आणि दोनेक महिन्यांत आपोआप संपतं, घाबरू नका. काचेवर कडक हिरवे ठिपके असतील तर ब्लेडने खरवडा. निळसर हिरवी बुळबुळीत चादर, उचलली की अख्खी येते आणि घाणेरडा वास मारते, ती अल्गी नाहीच, बॅक्टेरिया आहेत. आणि बीबीए म्हणजे पानाच्या कडेला मिशी फुटल्यासारखे काळे-करडे झुपके, फिल्टरच्या आउटलेटवर, वेव्हमेकरच्या (पाणी वाहतं ठेवणाऱ्या पंख्याच्या) जाळीवर, जिथे पाण्याला ओढ जास्त तिथे आधी. नखाने ओढलं तर पान फाटतं पण हे सुटत नाही. खात्री करायची तर एक झुपका सर्जिकल स्पिरिटमधे टाकून ठेवा, थोड्या वेळाने लालसर होतो, कारण दिसायला काळं असलं तरी ते लाल शेवाळाच्या घराण्यातलं आहे, स्पिरिटमधे हिरवा रंग उतरून जातो आणि आतला लाल दिसायला लागतो.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांसारखा लाइटच्या मागे लागलो. दहा तासांचे सहा तास केले, टायमर लावला. मग चार दिवस टँकला काळी चादर गुंडाळून ठेवली, घरच्यांनी विचारलं कोण गेलं. हिरवं शेवाळ बरंचसं मेलं, बीबीए ठणठणीत. सावलीत जगणाऱ्या अनुबियासला जेवढा फरक पडत नाही तेवढाच हिलाही पडत नाही.

दुसऱ्या वर्षी वाटलं उन्हाळ्यातच येते म्हणजे गरमीमुळे असणार. वरती दोन फॅन लावले, पाणी ३१ वरून २८ वर आलं. डेनिसन खूष झाले हे खरं, आधी वर येऊन धापा टाकायचे ते थांबलं, त्यामुळे फॅन आजही आहेत. पण बीबीए तशीच, उलट वाढलीच, आणि का वाढली ते पुढे कळलं.

मग दुकानात गेलो अल्गी खाणारा मासा आणायला. मला हवा होता सायमीज अल्गी ईटर, क्रॉसोकायलस, जो लहान असताना बीबीए खरंच खातो. दुकानदाराने छातीठोकपणे 'हाच तो' म्हणून पिशवीत दोन टाकून दिले. सहा महिन्यांत कळलं की तो चायनीज अल्गी ईटर, गायरिनोकायलस. लहानपणी काचेला चिकटून थोडंफार शेवाळ खातो, मोठा झाला की त्याचा मूड बदलतो, एका रात्री बघतो तर एका डेनिसनच्या कुशीला तोंड लावून बसलाय, अंगावरचा चिकट थर चोखतोय! घेताना बघायचं काय तर तोंड, चायनीजचं तोंड खाली सकरसारखं असतं आणि काचेला घट्ट चिकटतं. खऱ्या सायमीजची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते, फ्लाइंग फॉक्स म्हणून अजून एक मिळतो त्याची शेपटीच्या मुळाशी थांबते. आणि तो सकर, प्लेको, बीबीएला तोंड लावत नाही, फूटभर वाढतो, टँकमधे हगून ठेवतो आणि मग लोक वैतागून त्याला नदीत नाहीतर तलावात सोडतात. उजनीत मच्छिमारांच्या जाळ्यात सकर येतात ते असेच कोणाच्या तरी शोकेसमधून गेलेले. सोडू नका राव, दुकानात परत द्या.

शेवाळ खायला नेराइट गोगलगाईही आणल्या होत्या सहा. झेब्रा लोच गोगलगाय खातात हे मला माहीत होतं पण नेराइटचं झाकण घट्ट असतं, चालून जाईल असं वाटलं. दोन आठवड्यांत वाळूवर सहा रिकामे शंख आणि लोच पोट वर करून आडवे पडलेले, तृप्त. (झेब्रा लोच आडवा पडून झोपतो, मेल्यासारखा दिसतो, नवीन असाल तर लगेच जाळी घेऊन धावू नका, शिवाय डोळ्याखाली त्याला काटा असतो तो जाळीत अडकतो, पकडायचाच असेल तर डब्याने पकडा.)

शेवटचा मूर्खपणा म्हणजे टँकमधल्या झाडांसाठी आणि शेवाळावर उपाय म्हणून विकतात ती लिक्विड कार्बनची बाटली. त्यात ग्लुटारल्डिहाइड नावाचं जंतुनाशक असतं. अर्धाच डोस टाकला तरी दुसऱ्या दिवशी व्हॅलिस्नेरिया वितळून शेवयांच्या खिरीसारखी तरंगत होती आणि लोच आउटलेटखाली गोळा होऊन भराभर श्वास घेत होते. घाबरून लगेच निम्मं पाणी बदललं. ड्राय बाल्कनीतल्या नळाला पाइप लावला आणि भरलं.

तो ड्राय बाल्कनीतला नळ लक्षात ठेवा.

आमच्या सोसायटीत दोन लाइनी आहेत. स्वयंपाकघरात महापालिकेचं पाणी, खडकवासल्याचं, आणि ड्राय बाल्कनी आणि बाथरूमच्या फ्लशला बोअरचं. पावसाळ्यात-हिवाळ्यात मी टँक महापालिकेच्या पाण्याने भरायचो. फेब्रुवारीत पाणी कपातीच्या बातम्या सुरू झाल्या की प्यायचं पाणी माशांना कशाला म्हणून बोअरच्या नळावर जायचो, पाऊस नीट सुरू झाला की परत इकडे. माझ्या मते हे फार शहाणपणाचं वागणं होतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर महापालिकेचं पाणी १६० च्या आसपास, बोअरचं ६२०, ते दिसत होतं मला, पण मासे मस्त खात-पीत होते म्हणून दुर्लक्ष केलं.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमधे एका रविवारी वॉटर चेंज चालू असताना पाहुणे आले. बोअरच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून तशाच राहिल्या, त्यातल्या एकीत नवीन मासे वेगळे ठेवायला (क्वारंटाइन) लावलेला एअरस्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, रात्रभर बुडबुडत होता. सोमवारी सकाळी टँकमधे टाकायच्या आधी सहज पीएच बघितला. आमचं ते थेंबवालं किट, पाच मिली पाणी, तीन थेंब, ट्यूब उलटीपालटी करायची. बादलीतलं पाणी गडद निळं. नळाचं ताजं पाणी घेतलं तर हिरवं. एकाच नळाचं पाणी, एक सातच्या आसपास आणि दुसरं साडेसातच्या पलीकडे, किटची पट्टीच संपली. वाटलं किट एक्स्पायर झालंय, तारीख बघितली, चांगली होती. परत केलं, परत तेच.

मग मी स्वयंपाकघरातली ताकाची रवी घेतली. हसू नका. पातेल्यात बोअरचं ताजं पाणी घेतलं आणि दहा-बारा मिनिटं घुसळत बसलो, दर तीन मिनिटांनी एक ट्यूब. हिरवी, मग हिरवट निळी, मग निळी. ओट्यावर चार ट्यूब ओळीने लावल्या आणि बघतच बसलो, बायको म्हणाली लोणी आलं का. महापालिकेच्या पाण्यावर हाच प्रयोग केला तर रंग हललासुद्धा नाही.

तर भानगड अशी की बोअरचं पाणी म्हणजे एक प्रकारचा फिका सोडा आहे. पाऊस मातीतून झिरपताना मुळांनी आणि मातीतल्या जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, खाली खडकात तो बाहेर जाऊ शकत नाही, आणि पंपाने उपसून बंद पाइपातून तो थेट आपल्या नळाला येतो. हवा लागली, ढवळलं की गॅस उडून जातो आणि पीएच चढतो, सोड्याची बाटली उघडी ठेवल्यासारखं. धरणाचं पाणी उघड्यावर पडून, शुद्धीकरण केंद्रात खळाळून आधीच 'बसलेलं' असतं. टाकीत साठवून येणाऱ्या बोअरच्या पाण्यातला थोडा गॅस वाटेत जातो, आमची लाइन जवळपास सरळच आहे, त्यामुळे जास्त जाणवलं.

आता हे बीबीएशी जोडून बघा. प्लांटेड टँकवाले, म्हणजे मुख्यतः झाडांसाठी टँक ठेवणारे, वर्षानुवर्षे सांगतात की सीओटू कमी असेल तर चालतो, भरपूर असेल तरी चालतो, पण वरखाली झाला की बीबीए जोर धरते. मी तर सीओटू देतच नाही, मग वरखाली कुठून होणार, म्हणून ते वाचून सोडून द्यायचो. आणि प्रत्यक्षात दर रविवारी टँकमधे चाळीस टक्के सोडा ओतत होतो! रविवारी सीओटू उसळी मारणार, मंगळवारपर्यंत वेव्हमेकर तो उडवून लावणार, परत रविवारी उसळी. अनुबियास बिचारी संथ, तिला जुळवून घ्यायला आठवडे लागतात, शेवाळाला तेवढं पुरतं. आणि शेवाळ वाढलं की मी घाबरून अजून पाणी बदलायचो, म्हणजे औषध म्हणून तेच खत. फॅन लावल्यावर का वाढलं तेही कळलं, पाणी उडून रोज दोन-तीन लिटर कमी व्हायचं, ते भरून काढायला मी रोज बोअरचंच पाणी टाकत होतो, क्षार मागे राहायचे ते वेगळंच, टँकचा टीडीएस जूनपर्यंत आठशेला टेकला होता.

मग काय केलं ते सांगतो. शंभर लिटरचं निळं पिंप आणलं, ड्राय बाल्कनीत ठेवलं, त्यात मोठा एअरस्टोन. शुक्रवारी रात्री भरायचं, रविवारी वापरायचं, चोवीस तास तरी एअर मिळालीच पाहिजे. उन्हाळ्यात अर्धं बोअरचं आणि अर्धं महापालिकेचं, म्हणजे टीडीएसची उडीही कमी होते. पिंपात क्लोरीनही बराचसा उडून जातो, तरी पावसाळ्यात पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास मारतो तेव्हा मी अँटीक्लोरीनचे थेंब टाकतोच. वॉटर चेंज चाळीस टक्क्यांवरून वीसवर आणला. रोजची उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओच्या पाण्याने, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार नाही.

दुसरी गोष्ट घाण. हेही मान्य करायला हवं, नुसत्या पिंपाने सगळं झालं असं मी म्हणणार नाही. लोच दगडाखाली उकरतात म्हणून दगड हलवायला मला भीती वाटायची, एकदा सगळे उचलले तर खाली तपकिरी गाळाचा थर, फ्रोझन ब्लडवर्मचं उरलंसुरलं, सडकी पानं. बीबीएला असली सेंद्रिय घाण आवडते. आता दर रविवारी मोठ्या सिरिंजने दगडांच्या फटीत पाण्याचे फवारे मारतो आणि वर आलेलं सायफनने ओढून घेतो. फिल्टरचा पुढचा स्पंज आठवड्याला टँकच्याच पाण्यात पिळून, नळाखाली नाही. ब्लडवर्म रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा, आणि गुरुवारी माशांची एकादशी.

जुनी दाढी मात्र आपोआप जात नाही, ती काढावी लागते. अनुबियासची जास्त माखलेली पानं सरळ मुळापासून कापली, वाचवायच्या नादाला लागू नका, नवीन येतात. दगड आणि बाकीची झाडं बाहेर काढून त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमधे बहुतेक वेळा सहा टक्क्यांचं मिळतं, लेबल वाचा, तेवढंच पाणी घालून तीन टक्के करा, हातमोजे घाला, स्प्रेने मारा, तीन-चार मिनिटं फसफसू द्या आणि साध्या पाण्यात नीट धुऊन परत ठेवा. मॉस असेल तर त्याला लावू नका, जळतं. टँकमधे थेट सिरिंजने सोडणारेही आहेत पण लोच असताना मी ती रिस्क घेत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झुपके गुलाबी होतात, रंग इतका छान असतो की क्षणभर वाटतं राहू द्यावं. मेलेली दाढी मऊ पडते आणि मग डेनिसन स्वतः येऊन ओरबाडून खातात, जिवंत असताना क्वचितच तोंड लावायचे.

सहा आठवड्यांत नवीन पानं कोरी करकरीत यायला लागली. आणि पिंपाचाच फरक होता की नुसता साफसफाईचा, याचं उत्तर माझ्याच आळसाने दिलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात गावाला जाऊन आलो, पिंप भरायला वेळ नव्हता, सलग दोन-तीन रविवार पाइप लावून थेट बोअरचं पाणी भरलं, बाकी फिल्टर, सायफन, खाणं सगळं नेहमीसारखं. महिना व्हायच्या आत वेव्हमेकरच्या जाळीवर तीन काळे झुपके. तुमच्याकडे बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर काही विकत घ्यायच्या आधी रवी किंवा एअरस्टोन लावून पीएचची ही परीक्षा करून बघा. रंग बदलला नाही तर तुमचा घोळ दुसरीकडे आहे, बहुतेक गाळात किंवा मनासारखा न चालणाऱ्या सीओटू किटमधे.

अजून एक वेगळीच तक्रार, दिवाळीनंतर टँकच्या एका बाजूच्या काचेवर हिरवी पावडर धरते आणि संक्रांतीनंतर कमी होते. हे बीबीए नाही, याला पाणी जबाबदार नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आमच्या दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हाच दुपारी तासभर ऊन थेट काचेवर येतं, मे महिन्यात तो डोक्यावर असतो म्हणून येत नाही. जाड पडदा लावला, संपलं.

पिंपाबद्दल राहिलं. साठवलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण, आणि पावसाळ्यात महापालिकेचे लोक डेंग्यूच्या अळ्या बघायला घरोघर येतात, आमच्याकडे आले तेव्हा टॉर्च मारून पिंपात बघितलंच. एअरस्टोनने पाणी हलत असतं म्हणून अळ्या नव्हत्या पण लाइट गेली की ते थांबतंच. पिंपाच्या तोंडावर मच्छरदाणीचं कापड रबराने घट्ट बांधा आणि रविवारी पिंप तळापर्यंत रिकामं करा, तळाला चार बोटं पाणी ठेवू नका. आणि चुकून झाल्याच अळ्या तर गाळणीने गाळून टँकमधे टाका, डेनिसन त्या ज्या वेगाने संपवतात ते बघायला मजा येते.